धुरावरची मिरची आणि रोडग्यांची भाजी

पत्र:

काकू, आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, आर्वीकडे. यंदा लाल मिरची तोडून अंगणात घातली आणि अवकाळी पाऊस लागला. मिरची सडू लागली म्हणून मी ती चुलीवर जाळी बांधून धुरावर वाळवली. वास इतका छान आला की वर्षाचं तिखट तिचंच कुटलं. मग मारुतीच्या पारावर रोडग्यांचा कार्यक्रम झाला. वांग्याच्या भाजीत नेहमीच्या मापानं हेच तिखट टाकलं आणि पंगत हाय हाय करू लागली. पोरांनी नुसते वरण-रोडगे खाल्ले, अर्धी भाजी उरली. जराशी कडूही लागत होती. उरलेल्या मिरच्यांच्या बिया झटकून पुन्हा कुटून पाहिलं, तरी तिखट उतरलं नाही. घरात सासूबाईंना ॲसिडिटी आहे. वास ठेवून तिखट कमी करता येईल का? आणि बचत गटातल्या बाया म्हणतात की हे पाकिटात भरून विकू. विकावं का?

उत्तर:

ताई, वास ठेवून तिखट कमी करता येतं, अगदी नक्की येतं. मिरचीचा धुरकट वास आणि तिचा तिखटपणा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि मिरचीत त्यांच्या जागाही निरनिराळ्या. धूर सालीत आणि गरात मुरतो, तिखट असतं ते आतल्या पांढऱ्या गाभ्यात. धूर कितीही दिला तरी तिखट उतरत नाही, आणि तिखट काढून टाकलं तरी धूर राहतो. फक्त हे काम भाजीच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, करायला गेलं की उशीर झालेला असतो. ते मिरची धुरावर घालण्याच्या आधी करायचं.

बिया काढूनही तिखट राहिलं, याचं कारण हेच. मिरचीला जाळ आणणारं कॅप्सेसिन तयार होतं ते बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या गाभ्यात आणि सालीच्या आतून उतरणाऱ्या पांढऱ्या शिरांत. बियांना ते गाभ्याचं लागतं, तेवढंच. वाळलेली मिरची मोडून झटकली की बिया पडतात, पण गाभा आतल्या बाजूला वाळून चिकटलेला असतो आणि तो तसाच उखळात जातो. ओल्या मिरचीला उभी चीर देऊन चहाच्या चमच्याच्या दांड्यानं खरवडलं की गाभा शिरांसकट निघून येतो. वाळलेल्या मिरचीचा काढायचा असेल तर ती कोमट पाण्यात अर्धा तास ठेवा, मऊ पडली की उघडून सुरीच्या पाठीनं खरवडा. नुसतं भिजवून तिखट जाईल या भरवशावर राहू नका. कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. पाण्यात उतरतो तो तुम्हाला हवा असलेला धुराचा वास. ते पाणी चाखून पाहा. कडू नसेल तर भाजीत वापरा, कडू असेल तर ओतून द्या.

हे काम करताना हाताला आधी गोडंतेल चोळा, किंवा हातात प्लॅस्टिकची पिशवी घाला. झाल्यावर पुन्हा थोडं तेल चोळून मग साबणानं हात धुवा. तेलात कॅप्सेसिन सुटतं, नुसत्या पाण्यानं ते हातभर पसरतं. त्या दिवशी तान्ह्या लेकराला घेऊ नका आणि डोळ्यांना हात लावू नका.

आता खरी अडचण. आपल्याकडच्या बारीक, पातळ सालीच्या तिखट मिरच्यांचा गाभा एकेक करून काढणं पोत्याच्या हिशेबात कोणाला जमणार? म्हणून माझं मत असं की धुरावर घालायची मिरचीच वेगळी धरावी. धुरावरच्या मिरचीसाठी मेक्सिको नावाजलेला आहे. तिथली हालापेन्यो मिरची जाड गराची, उन्हात वाळण्याआधीच सडते. म्हणून ती झाडावर लाल होऊ देतात आणि लाकडाच्या धुरावर वाळवतात, तिला चिपोटले म्हणतात. तिचा तिखटपणा २,५०० ते ८,००० स्कोव्हिल (हे तिखटपणाचं माप), आणि ईशान्येकडच्या भूत जोलोकियाचा १० लाखांच्या वर. म्हणजे धुरासाठी जगभर नाव झालेली ही मिरची मुळात मध्यम तिखट आहे. स्पेनमध्ये ला व्हेरा नावाचा भाग आहे. तिथे मिरची काढणीला येते ती शरद ऋतूत, आणि नेमका तेव्हाच पाऊस असतो. तुमच्यावर यंदा आली तीच वेळ त्यांच्यावर दरवर्षी येते. ते ओकच्या लाकडाच्या मंद धुरावर दहा-पंधरा दिवस मिरची वाळवतात आणि तिची पूड करतात. त्या पुडीचा एक प्रकार तर मुळीच तिखट नसतो, नुसता लाल रंग आणि धूर. तो त्यांच्या रोजच्या स्वयंपाकात पडतो.

आपल्याकडे या कामाला आठवडी बाजारातली भज्यांची जाड मिरची उत्तम. तिचं बी वांग्याच्या वाफ्याच्या कडेनं टाका आणि थोडी झाडं न तोडता ठेवा, मिरची झाडावर लाल पिकू द्या. पिकलेल्या मिरचीत गोडवा येतो आणि धुराला तो फार साजतो. हिरवी धुरावर घातली तर चव उग्र, पाल्यासारखी लागते. नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरची तिखट भिवापुरी मिरची मात्र उन्हातच वाळवा. तिला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय ते तिच्या स्वतःच्या गुणांवर, तिच्यावर धुराचं पांघरूण कशाला? मग कुटताना तीन वाट्या धुरावरच्या सौम्य मिरचीला एक वाटी भिवापुरी घ्या. वास पहिलीचा, तिखट दुसरीचं, आणि दोन्ही तुमच्या हातात.

नेहमीच्याच मापानं पंगत का पोळली, हे यावरून कळेल. पत्रात तुम्ही लिहिलं नाही, पण बहुतेक घरांत वर्षाच्या तिखटात रंगासाठी बेडगीसारखी सौम्य मिरची मिसळतात. यंदा सगळं एकाच मिरचीचं कुटलं गेलं असावं. शिवाय पाण्याचा ताण बसलेल्या झाडाची मिरची बरेचदा जास्त तिखट होते, एका वावरातल्या दोन तोड्यांतही फरक पडतो. त्यात धुराचा वास गोडसर असतो. तो नाकाला सांगतो की मिरची नरम आहे, जिभेचं काही वेगळंच निघतं. म्हणून नवीन तिखटाला जुनं माप कधीच लावू नये.

त्यासाठी कसोटी घ्या. बिनफोडणीचं, मीठ घातलेलं घट्ट वरण दोन वाट्यांत सारखं घ्या. दोन चमचे तेल कोमट करून त्यात पाव चमचा जुनं तिखट घाला आणि एका वाटीत मिसळा. दुसऱ्या वाटीत तसंच नवीन घाला. एक घास खाऊन मिनिटभर थांबा, कारण मिरचीचा जाळ चढत जातो. मध्ये दही खा, मग दुसरी वाटी. नवीन जास्त लागलं तर त्याचं प्रमाण कमी करत दोन्ही वाट्या सारख्या लागेपर्यंत पाहा. पण एका बैठकीत तीन-चार घासांपुढे जाऊ नका, जीभ बधिर होते आणि मग सगळंच सौम्य वाटतं. विल्बर स्कोव्हिल या अमेरिकन औषधशास्त्रज्ञानं १९१२ मध्ये हेच केलं होतं. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत न्यायचा आणि चाखणाऱ्यांना तिखट लागेनासं होईपर्यंत किती पाणी लागलं ते मोजायचं. त्याचं नाव त्या मापाला मिळालं. तुमच्या घरात वरणाच्या दोन वाट्या तेच काम करतील.

कडूपणाचं विचाराल तर माझा पहिला प्रश्न: चुलीत काय जाळलं? आपल्याकडे त्या दिवसांत सरपण म्हणजे पऱ्हाट्या आणि तुराट्या. पऱ्हाट्यांचा धूर खाण्याच्या वस्तूला लागू देऊ नका. कपाशीवर हंगामभर फवारण्या झालेल्या असतात, तुरीवरही होतात. स्वयंपाक झाकलेल्या भांड्यात होतो तेव्हाची गोष्ट वेगळी, पण इथे तो धूर दिवसच्या दिवस मिरचीत मुरतो. गोवऱ्यांचंही तसंच. गोवरीच्या निखाऱ्यात रोडगे भाजतात तेव्हा धूर सरून नुसती धग उरलेली असते, त्याची तुलना इथे करू नका. रंग दिलेलं लाकूड, प्लायवूड, प्लॅस्टिकच्या पिशवीनं पेटवलेला जाळ, हे तर मुळीच नको. वाळलेलं बाभळीचं, बोरीचं, आंब्याचं किंवा पेरूचं लाकूड घ्या. ओलं लाकूड दाट, पिवळट-पांढरा धूर सोडतं आणि त्या धुराची काजळी मिरचीवर बसते. कडू लागते ती बहुधा हीच. धूर पातळ, निळसर दिसला पाहिजे.

घरातल्या चुलीवर हे पुन्हा करू नका, त्या धुरात तुमचा आणि लेकरांचा जीव घुसमटतो. अंगणात वाऱ्याच्या कडेला हातभर खोल खड्डा घ्या आणि त्यात लाकूड जाळून निखारे होऊ द्या. खड्ड्यावर चारी बाजूंनी विटा रचा, वर लोखंडी जाळी ठेवा आणि त्यावर उभी चिरून गाभा काढलेली मिरची एका थरात, साल खाली करून मांडा. वरून बांबूची टोपली पालथी घाला. थोडी फट राहू द्या, धूर कोंडला की कडवटपणा वाढतो. झाकायला जुनं पिंप वापरायचं असेल तर ते फवारणीच्या औषधाचं कधीच नसावं, कितीही धुतलेलं असलं तरी. मिरचीच्या उंचीवर हात धरून पाहा. हात जेमतेम ठेवता आला पाहिजे. चटका बसून लगेच ओढावा लागला तर मिरची वाळत नसते, भाजत असते. निखारे विझू लागले की लाकडाचे एक-दोन तुकडे टाका, जाळ होऊ देऊ नका. दिवसातून दोन-तीनदा मिरची उलटा, रात्री घरात घ्या. दोन-तीन दिवस असा धूर दिला की गर चामड्यासारखा होतो. मग कडक उन्हात घाला आणि मोडल्यावर कट्‌ आवाज येईपर्यंत वाळवा. कुटण्यासाठी मिरची अशी कडकडीतच पाहिजे. वाळवण्याचं काम उष्णतेचं आणि उन्हाचं, धूर फक्त चव देतो.

आता थोडं कठीण बोलते. पत्रात तुम्ही लिहिलंय की मिरची सडू लागली होती. धुरावर घालण्याआधी सडकी आणि बुरशीची मिरची निवडून काढली होती ना? उरलेल्यांतल्या दहा-वीस मोडून आत पाहा. आत करडी, काळी किंवा हिरवट भुकटी दिसली तर ते तिखट खाऊ नका, गायीला घालू नका, टाकून द्या. मिरचीवरच्या बुरशीतून अफलाटॉक्सिन नावाचं विष तयार होऊ शकतं, ते यकृताला घातक आहे आणि धुरानं, भाजण्यानं किंवा तेलात तळण्यानं जात नाही. वर्षाचं तिखट फेकायचं म्हणजे जीव तुटतो, हे मला कळतं. तरीही शंका असेल तर फेकाच.

मिरची निवडलेली असेल आणि सरपण चांगलं असेल, तर आत्ताचं तिखट वाया घालवू नका. ते भाजीचं तिखट म्हणून वापरायचं थांबवा, चवीचा मसाला म्हणून चिमटीनं वापरा. जवसाच्या चटणीत ते फार छान लागतं. भाजलेले जवस, लसूण, मीठ आणि या तिखटाचा अर्धा चमचा. जवसातल्या तेलानं धुराचा वासही धरून राहतो. चून म्हणजे पिठलं करताना फोडणीत नेहमीचं तिखट अर्धं करा आणि चून झाकण्याआधी वरून हे चिमूटभर पेरा. ओल्या तुरीच्या सोल्यांची आमटी आणि अंबाडीची भाजी, दोन्हींना धूर साजतो. अंबाडीचा आंबटपणा तर त्याचा जोडीदारच आहे. सावजी रश्श्यात मात्र हे घालू नये असं मी सांगेन. तिथे भाजलेल्या मसाल्याचाच इतका जोर असतो की धूर कळत नाही, नुसतं तिखट वाढतं.

अख्खी धुरावरची मिरची हाताशी असेल तर आणखी सोपं आहे. न मोडता, न चिरता ती शिजत्या वरणात सोडा आणि वाढण्याआधी काढून घ्या. धुराचा वास वरणात उतरतो, तिखट फारसं नाही. गोळाभातावर तेल घालता ना? ते मंद तापवून अख्खी मिरची त्यात थोडा वेळ ठेवून काढली की तेलाला वास लागतो. जास्त वेळ ठेवू नका, मिरची फाटू देऊ नका, कारण तेल तिखट लवकर ओढतं. धुरावरची मिरची तव्यावर पुन्हा खमंग भाजायलाही जाऊ नका. ती लगेच करपते, कडू होते आणि ठसक्यानं घर डोक्यावर घेते.

भाजी एकदा तिखट झाली की काय करायचं, तेही सांगते, पंगतीत ही वेळ कोणावरही येते. जास्त वेळ शिजवून तिखट कमी होत नाही, कॅप्सेसिन चुलीच्या आचेला टिकून राहतं. पाणी ओतून रस्सा पातळ होतो, वर तरंगणारा जाळ तसाच राहतो. तो जाळ असतो तर्रीत. कॅप्सेसिन तेलात विरघळतं, म्हणून रश्श्यावरच्या लाल तेलात ते गोळा होतं. तेव्हा गंज खाली उतरवा, पाच मिनिटं हलवू नका आणि पळीनं तर्री काढून वेगळ्या भांड्यात घ्या. तुमच्या भाजीला पहिला उपाय हाच करायला हवा होता. काढलेली तर्री फेकायची नाही. ज्यांना तिखट लागतं, त्यांच्या पानात वरून वाढायची. नंतर भाजीत उकडलेला आलू कुस्करून घाला, मूठभर दाण्याचं कूट, वाटलेलं खोबरं किंवा खसखस घाला, नाहीतर शिजलेल्या तुरीच्या डाळीची पळी ओता. त्यानं माल वाढतो आणि प्रत्येक घासातलं तिखट कमी होतं. शेवटी गुळाचा खडा आणि चिंचेचा कोळ. ते तिखट मारत नाहीत, पण गोड-आंबट लागलं की जिभेला जाळ कमी जाणवतो. मीठ पुन्हा चाखून घाला.

ज्यांचं तोंड पोळलं त्यांना पाणी देऊ नका, दूध किंवा दही द्या. दुधातलं केसिन कॅप्सेसिनला धरून जिभेवरून काढतं, ताकानंही बरं वाटतं. लहान मुलांच्या पानाशी दह्याची वाटी आधीच ठेवत जा.

सासूबाईंसाठी वेगळी मिरची शोधू नका. धुरावरची मिरची पोटाला सौम्य असते असं अजिबात नाही, मिरची ती मिरचीच. फोडणी देण्याआधी त्यांची भाजी वाटीत काढून ठेवा आणि त्यात जिरं, धणेपूड, सांबार म्हणजे कोथिंबीर घाला. धुराचा वास त्यांनाही हवासा वाटत असेल तर लाल भोपळी मिरची निखाऱ्यावर भाजा, काळी साल काढा आणि गर त्यांच्या भाजीत कुस्करा. भोपळी मिरचीत कॅप्सेसिन नसतं. तेही त्यांना सोसतं का ते थोड्यावर पाहा. त्रास महिनोन्‌महिने चालू असेल तर डॉक्टरांना दाखवा, माझ्या सल्ल्यावर थांबू नका.

आणि विकायचं म्हणाल तर यंदाचं हे तिखट विकू नका. पुढच्या हंगामात भज्यांच्या लाल मिरचीचं, निवडक लाकडावर केलेलं विका, जरूर विका. आपल्या उन्हात तिखटाला तोटा नाही, पण धुरावरचं सौम्य तिखट बाजारात सहज मिळत नाही आणि शहरातले लोक ते शोधत असतात. गटाच्या नावानं अन्नसुरक्षा प्राधिकरणाची म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी आधी करून घ्या. प्रत्येक कुटणीची वरणाची कसोटी घ्या. दोघी-तिघींनी वेगवेगळं चाखावं आणि सगळ्यांचं जमलं तरच ती पाकिटात जावी. एका कुटणीत दुसरी मिसळू नका, तारीख टाका. पाकिटं लहान ठेवा, हवाबंद करा आणि उजेडापासून दूर ठेवा, नाहीतर रंग आणि वास दोन्ही उडतात. भिवापुरी मिसळलेलं आणि न मिसळलेलं अशी दोन पाकिटं वेगळी करा. मिसळलेल्यावर ठळक अक्षरांत लिहा: पहिल्यांदा वापरताना नेहमीच्या तिखटाच्या निम्मं घाला, चाखा, मग वाढवा.